पाच गोलांचं वर्ष : कोलकात्याच्या फुटबॉल आठवणींचा इतिहास

आजचा विषय फुटबॉलचा आहे, पण खेळाडूंपेक्षा मी प्रेक्षकांबद्दल जास्त बोलणार आहे. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन क्लबांचे जुने समर्थक एकत्र बसले की जुने सामने निघतात. कुणी १९७५ म्हणत नाही, ‘पाच गोलांचं वर्ष’ म्हणतो. ते वर्ष एकाचा चेहरा उजळवतं आणि त्याच बाकावरचा दुसरा विषय बदलतो. इतिहासाच्या अभ्यासकाने या गप्पांचं काय करायचं? म्हातारपणच्या गोष्टी म्हणून सोडून द्यायच्या, की पुरावा म्हणून वाचायच्या? माझं म्हणणं असं की वाचायच्या, पण नीट वाचायच्या. सामन्यात काय झालं हे त्या नेहमी बरोबर सांगतील असं नाही. तो सामना बघणाऱ्या माणसाचं काय चाललं होतं, हे मात्र त्या फार बरोबर सांगतात.

सुरुवात अर्थातच १९११ पासून. मोहन बागान क्लबची स्थापना १८८९ ची. २९ जुलै १९११ ला त्यांनी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ असं हरवलं. अकरापैकी दहा जण अनवाणी खेळले, बूट होते ते फक्त सुधीर चटर्जींच्या पायात. आधी गोरे पुढे होते. शेवटच्या काही मिनिटांत शिवदास भादुरींनी बरोबरी केली आणि अभिलाष घोषांनी विजयी गोल मारला. गर्दी इतकी की मागच्यांना मैदान दिसतच नव्हतं, त्यांच्यासाठी स्कोअर लिहून पतंग उडवले गेले. आता काळ बघा. १९०५ ची फाळणी, १९०८ मध्ये खुदीराम बोसला फाशी. अशा बंगालमध्ये अनवाणी पोरांनी पलटणीला हरवलं, म्हणजे लोकांना काय वाटलं असेल!

याच सामन्याची एक गोष्ट बंगालमध्ये घरोघरी सांगतात. सामना संपल्यावर गर्दीतल्या एका माणसाने फोर्ट विल्यमवरच्या युनियन जॅककडे बोट दाखवून विचारलं, ‘हे तर झालं, आता ते कधी उतरणार?’ त्यावर उत्तर मिळालं, ‘मोहन बागान पुन्हा शील्ड जिंकेल तेव्हा.’ आणि मोहन बागानने दुसऱ्यांदा शील्ड जिंकली ती नेमकी १९४७ मध्ये! अंगावर काटा येतो, नाही का? पण जरा थांबा. प्रश्न कुणी विचारला, उत्तर कुणी दिलं, हे प्रत्येक सांगणाऱ्याप्रमाणे बदलतं. इतकी चपखल भविष्यवाणी बहुतेक वेळा घटना घडून गेल्यावरच तयार होते. म्हणून ती टाकून द्यायची का? नाही. १९४७ नंतरच्या माणसाला १९११ कडे कसं बघायचं होतं, त्याचा हा पुरावा आहे. गंमत अशी की १९४७ च्या त्या अंतिम सामन्यात मोहन बागानने हरवलं ते कुठल्या पलटणीला नाही, ईस्ट बंगालला. गोष्ट सांगताना हा तपशील बहुतेक वेळा गाळला जातो.

म्हणजे आता ईस्ट बंगालकडे यायला हवं. १९२० च्या जुलैमध्ये जोडाबागान क्लबने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यातून शैलेश बोस या खेळाडूला वगळलं. त्याच क्लबचे सुरेशचंद्र चौधुरी चिडले. पूर्व बंगालचा म्हणून त्याला डावललं, अशी भावना होती. त्या रागातून १ ऑगस्ट १९२० ला ईस्ट बंगाल क्लब उभा राहिला. पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी ते ‘घोटी’ आणि पूर्वेकडचे ते ‘बाङाल’, ही जुनी चिडवाचिडवी मैदानात उतरली. एक विसंगती लक्षात ठेवा. ज्या १९११ च्या संघाला मोहन बागानवाले ‘अमर एकादश’ म्हणतात, त्यातले भादुरी बंधू पूर्व बंगालातल्या फरीदपूरकडचे. आठवणीने ही वाटणी मागे नेऊन लावली आहे, १९११ मध्ये ती अशी नव्हती.

खरा फरक पडला फाळणीने. लाखो माणसं घर, शेत, तळं मागे टाकून कोलकात्यात आली. यादवपूर, विजयगड या भागांत निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या. शहर त्यांना ‘हे कुठून आले’ अशा नजरेने बघत होतं. त्यांच्या देशाचं नाव नकाशावरून गेलं, पण ‘ईस्ट बंगाल’ हे नाव एका क्लबच्या तंबूवर शिल्लक होतं. मग शनिवारी लाल-पिवळा संघ जिंकला की घरी इलिश मासा शिजायचा, आणि मोहन बागान जिंकला की घोटींच्या घरी कोळंबी. आपण हे मजेने सांगतो. पण ज्याचं सगळं गेलं त्याला आठवड्यातून एकदा जिंकल्यासारखं वाटण्याची ती एकच जागा होती, हे विसरू नये.

म्हणून १९७० ते १९७५ हा काळ ईस्ट बंगालवाले इतका जपतात. १९७० च्या शील्डमध्ये त्यांनी इराणच्या पास तेहरानला परिमल देंच्या गोलवर १-० असं हरवलं. कलकत्ता लीग सलग सहा वर्षं जिंकली, त्यामुळे मोहम्मडन स्पोर्टिंगचा १९३४ ते १९३८ असा सलग पाच विजेतेपदांचा विक्रम मोडला. बाहेर काय चाललं होतं? नक्षलवादी चळवळ, पोलिसी दडपशाही, बांगलादेश युद्ध, पुन्हा निर्वासितांचे लोंढे, शेवटी आणीबाणी. त्या पिढीला विचारलं तर ती आधी गोल सांगते, मग हळूच म्हणते, ‘आमच्या गल्लीतली दोन पोरं त्या वर्षी परत आली नाहीत.’ गोलाच्या आधाराने बाकीचं बाहेर येतं, म्हणून या गप्पा ऐकायच्या.

३० सप्टेंबर १९७५. शील्डचा अंतिम सामना, ईस्ट बंगाल ५, मोहन बागान ०. त्यातले दोन गोल श्याम थापांचे. ज्यांना तिकीट मिळालं नाही त्यांनी आकाशवाणीवर बंगाली धावतं समालोचन ऐकलं. त्यातल्या कित्येकांना आज वाटतं की आपण ते गोल डोळ्यांनी पाहिले. त्यात लबाडी नाही, अजय बसूंसारख्या समालोचकांनी त्यांना ते दाखवलेच होते. पण या पाच गोलांना दुसरी बाजू आहे. मोहन बागानच्या एका तरुण समर्थकाने त्या पराभवानंतर जीव दिला. पुढच्या जन्मी चांगला खेळाडू होऊन याचा बदला घेईन, अशा अर्थाची चिठ्ठी त्याने मागे ठेवली होती. विजयाच्या गप्पांत हा मुलगा क्वचितच येतो.

मोहन बागानवाल्यांची गोष्ट मग कुठून सुरू होते? १९७६ पासून! लीगच्या सामन्यात मोहम्मद अकबरने सतराव्या सेकंदाला ईस्ट बंगालवर गोल केला. हा ‘सतरा सेकंद’ त्यांचा मंत्र आहे. पुढे १९७७ मध्ये ईडन गार्डन्सवर पेलेच्या कॉसमॉसशी २-२ अशी बरोबरी, आणि त्याच मोसमात शील्ड, ड्युरँड आणि रोव्हर्स असे तिन्ही चषक. रोव्हर्स म्हणजे आपल्या मुंबईतल्या कूपरेजची स्पर्धा. दोन्ही बाजूंची कॅलेंडरं शेजारी ठेवली तर एकाचं वर्ष जिथे संपतं तिथे दुसऱ्याचं सुरू होतं. एकाच शहराचे हे दोन इतिहास आहेत.

एका तारखेला मात्र दोन्ही कॅलेंडरं एकत्र येतात. १६ ऑगस्ट १९८०, ईडन गार्डन्स, लीगचा सामना. मैदानात दोन खेळाडूंची झटापट झाली, दोघांना बाहेर काढलं. स्टँडमध्ये दोन्हीकडचे समर्थक मिसळून बसलेले. मारामारी, दगडफेक, मग चेंगराचेंगरी. सोळा जण मेले. घरून सामना बघायला निघालेली माणसं होती ती. या सामन्याचा स्कोअर कुणी सांगत नाही. गोलांवर जगणाऱ्या माणसांच्या तोंडून स्कोअरच येत नाही, हा मला या सगळ्या विषयातला सर्वांत मोठा पुरावा वाटतो. कोलकात्यात १६ ऑगस्ट फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळतात, रक्तदान करतात.

१९९७ चा फेडरेशन कपचा उपांत्य सामना थोडक्यात सांगतो. सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाहून जास्त माणसं. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या ‘डायमंड’ पद्धतीचा बोलबाला होता आणि सामन्याआधी त्यांनी समोरच्या खेळाडूंची नावं घेऊन टर उडवली होती. निकाल ईस्ट बंगाल ४, मोहन बागान १, त्यात भायचुंग भुतियाची हॅट्ट्रिक. ‘मी त्या दिवशी होतो’ म्हणणारे सगळे मोजले तर स्टेडियम तीनदा भरेल!

शेवटी अगदी अलीकडचं. ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरवर अत्याचार करून तिची हत्या झाली आणि शहर रस्त्यावर उतरलं. १८ ऑगस्टला ठरलेला ड्युरँड कपमधला या दोघांचा सामना सुरक्षेचं कारण देऊन रद्द झाला. तरी दोन्ही क्लबांचे समर्थक स्टेडियमबाहेर जमले, एकत्र न्याय मागितला, एकत्र लाठ्या खाल्ल्या. तारीख बघा, १६ ऑगस्टनंतर अवघ्या दोन दिवसांनी. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी याच दोन रंगांची माणसं एकमेकांच्या अंगावर धावली होती. हा न झालेला सामना पुढची पिढी कसा सांगेल? पन्नास वर्षांनी कदाचित त्यातही एखादी चपखल भविष्यवाणी शिरलेली असेल.

म्हणून एक विनंती. तुमच्या ओळखीत असा कुणी जुना प्रेक्षक असेल, कूपरेजच्या पायऱ्यांवर बसलेला असेल, तर त्याला बोलतं करा आणि लिहून घ्या. तो स्कोअर चुकवेल, चुकवू द्या. बरोबर स्कोअर जुन्या वर्तमानपत्रात मिळतो. त्या दिवशी घरी काय शिजलं, शेजारी कोण बसलं होतं आणि त्यातलं कोण परत आलं नाही, हे तेवढं त्याच्याकडेच मिळेल.