विम्याची रेघ आणि महागाई

एखाद्या योजनेचा लाभ कुणाला द्यायचा, हे ठरवताना सरकार बहुधा उत्पन्नाची एक रेघ ओढते. रेघेच्या अलीकडचा आत, पलीकडचा बाहेर. रेघ कायद्याच्या कागदावर असते, ती आपण होऊन हलत नाही. पैशाची किंमत मात्र एका जागी बसून राहत नाही. मग काय घडतं? इंग्लंडचा इतिहास पाहू.

सन १९११ मध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विम्याचा कायदा मंजूर करून घेतला. पुरुष कामगाराने आठवड्याला ४ पेन्स भरायचे, मालकाने ३, आणि सरकारने २ घालायचे. आजारपणात डॉक्टर मिळे, शिवाय आठवड्याला १० शिलिंग हाती येत. अंगमेहनत करणारा कितीही मिळवो, तो विम्यात आलाच. कारकुनासारख्या लेखणीवर पोट भरणाऱ्याला मात्र वर्षाला १६० पौंडांची मर्यादा होती; तेवढ्या मिळकतीपर्यंत तेव्हा प्राप्तिकर लागत नसे. डॉक्टरांच्या संघटनेला तर ही रेघ आणखी खाली, आठवड्याला २ पौंडांवर हवी होती. बरी ऐपत असलेला रोगी खाजगी फी देतो. तो हातचा जाऊ नये, हा हिशेब.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि भाव भडकले. समजा, एका कारकुनाला वर्षाला १५० पौंड मिळत होते. महागाईमुळे मालकाने ते १७० केले. घरात पाव आणि कोळसा पूर्वीपेक्षा कमीच येतो. पण कायद्याच्या लेखी हा गृहस्थ आता सुखवस्तू! सक्तीच्या विम्याची सावली त्याच्यावरून निघून जाते. पगार वाढला, अन् आधार गेला.

१९१९ मध्ये मर्यादा २५० पौंड झाली. पण तोवर १९१४ च्या मानाने भाव दुपटीहून अधिक झाले होते. म्हणजे जुन्या १६० पौंडांची बरोबरी करायला ३२० सुद्धा पुरे पडले नसते. आकडा वर गेला, रेघ खरी खालीच आली. पुढे १९४२ साली ती ४२० वर गेली, आणि ५ जुलै १९४८ पासून नव्या व्यवस्थेत ही रेघच पुसली गेली.

आपल्याकडे १९४४ साली प्राध्यापक अडारकरांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा दिला. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यात महिना ४०० रुपयांची मर्यादा होती; टप्प्याटप्प्याने वाढत १ जानेवारी २०१७ पासून ती २१,००० रुपये झाली. एवढ्यावरून कामगार पन्नास पटींनी श्रीमंत झाला, असे कुणी म्हणणार नाही. पण दोन टप्प्यांच्या मधल्या वर्षांत ज्याचा पगार रेघेला चाटून गेला, त्याला विचारावं.

शिक्षकबंधूंनी मुलांना एवढं जरूर शिकवावं: मर्यादेचा आकडा ऐकला की तो कोणत्या साली ठरला आणि त्यानंतर भाव किती चढले, हे दोन प्रश्न आधी विचारायचे.