शिकागोतील स्वस्त खाट

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणारे लोहमार्ग शिकागोत येऊन मिळत, मात्र शहरातून आरपार जाणारी गाडी सहसा नसे. निरनिराळ्या रेल्वे कंपन्यांची स्थानके, ज्यांची संख्या पुढे सहावर गेली, एकमेकांपासून दूर असल्यामुळे उतारूला सामानासह एका स्थानकातून दुसऱ्या स्थानकात जावे लागे आणि पुष्कळदा मध्ये एखादी रात्र काढावी लागे. या सक्तीच्या मुक्कामातून, आणि त्याहूनही अधिक हंगामी मजुरांच्या वर्दळीतून, एकट्या परक्या माणसाला खाट भाड्याने देण्याचा धंदा या शहरात उभा राहिला. आज पाठीवर सामान बांधून अल्प खर्चात फिरणारा प्रवासी, म्हणजे बॅकपॅकर, ज्या होस्टेलात उतरतो त्याचे मूळ सामान्यतः जर्मनीतील पदभ्रमण करणाऱ्या मुलांच्या वसतिगृहांत शोधले जाते. शिकागोपुरते तरी हे अर्धेच खरे आहे.

ओळखपत्र जवळ असलेल्याला मात्र असली भाड्याची खाट शोधावी लागत नसे; ओळखपत्र म्हणजे त्या काळी ओळख करून देणारे पत्र. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत हिंडल्या, तेव्हा तेथील स्त्रीसंघटनांच्या आधारामुळे एका शहरातील स्नेही पुढच्या शहरातील घर उघडून देत. स्वामी विवेकानंद ३१ मे १८९३ रोजी मुंबईहून निघून जुलैअखेर शिकागोत पोहोचले, तेव्हा तेथे जागतिक प्रदर्शन भरलेले होते आणि सहा महिन्यांत सुमारे २ कोटी ७० लाख प्रवेशांची नोंद झालेल्या त्या गर्दीत राहण्याचा खर्च न झेपल्याने त्यांनी बोस्टनची वाट धरली. सप्टेंबरात ते प्रदर्शनानिमित्त भरलेल्या धर्मपरिषदेसाठी परतले, पण जवळचा पत्ता हरवल्यामुळे त्यांना रेल्वेच्या आवारात, रिकाम्या मालडब्यात रात्र काढावी लागली, असे चरित्रकार सांगतात. धर्मपरिषदेतील भाषणाच्या तेजात ही रात्र एक हृद्य प्रसंग म्हणून सांगितली जाते. शहराच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र रेल्वेच्या आवारात निजणे ही तेथील हजारोंची नित्याची गोष्ट होती.

त्या हजारोंची पेठ म्हणजे वेस्ट मॅडिसन रस्ता. कापणी, जंगलतोड, बर्फ कापणे, लोहमार्ग टाकणे अशा कामांसाठी मजुरांची भरती करणारे दलाल या भागात बसत, आणि थंडीत कामे थांबली की तेच मजूर शहरात परतून वसंतापर्यंत दिवस काढत. काम शोधत मालगाड्यांतून भटकणाऱ्या या मजुराला होबो म्हणत. स्वतः तसे जीवन जगलेल्या नेल्स अँडरसन या समाजशास्त्रज्ञाने १९२३ साली ‘द होबो’ हा ग्रंथ लिहिला. त्यात शिकागोतील बेघर पुरुषांची संख्या बऱ्या काळात ३०,००० आणि मंदीत ७५,००० पर्यंत सांगितली आहे. या पुरुषांसाठी निवाऱ्याची उतरंड होती: वर स्वतंत्र खोली, तळाला उघड्या जमिनीवर अंग टाकण्याची जागा, आणि मधे पिंजऱ्याचे हॉटेल. या शेवटच्या प्रकारात जुन्या गोदामाचा किंवा कारखान्याचा अख्खा मजला फळ्यांच्या किंवा पत्र्याच्या पडद्यांनी खाटेएवढ्या कप्प्यांत विभागलेला असे. पडद्या छताला न भिडता मधेच थांबत, आणि त्यांवर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी ताणलेली असे. वारा खेळावा, पण शेजाऱ्याला पडदी ओलांडून हात मारता येऊ नये, ही दोन्ही कामे जाळी करी आणि मालकाचा खिडक्यांचा खर्च वाचवी. या व्यवस्थेला अमानुष म्हणणे सोपे आहे, परंतु तेथे दाराला कडी होती आणि कोणी उपदेश करीत नसे, हेही नोंदवले पाहिजे.

उपदेशासह खाट दुसरीकडे मिळे. तरुण ख्रिस्ती पुरुषांची संघटना, वायएमसीए, लंडनमध्ये १८४४ साली स्थापन झाली. तिने राहण्याच्या खोल्या असलेली आपली पहिली ज्ञात इमारत १८६७ मध्ये शिकागोतच बांधली आणि १९१६ मध्ये वाबाश मार्गावर मोठे हॉटेल उघडले. गावाकडून आलेल्या मुलाला दारू आणि जुगार यांपासून दूर ठेवणे हा उद्देश होता, आणि म्हणून स्वच्छ चादरीबरोबर शिस्तही येई. काळ्या प्रवाशांना मात्र हे दार मोकळे नव्हते. त्यांच्यासाठी ज्युलियस रोझेनवाल्ड या उद्योगपतीच्या देणगीच्या आधारे त्याच मार्गाच्या दक्षिण भागात स्वतंत्र इमारत उभी राहिली, आणि तेथेच १९१५ साली इतिहासकार कार्टर वुडसन यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था स्थापली. एकट्या स्त्रीकडेही हॉटेले संशयाने पाहत. समाजसेविका जेन ॲडम्स यांच्या हल हाऊस या सेवाकेंद्राच्या आश्रयाने १८९०च्या दशकाच्या आरंभी निघालेला जेन क्लब हे कामकरी मुलींनी स्वतः चालवलेले सहकारी बिऱ्हाड होते, आणि तेथील खाट वाटसरूसाठी नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारीने आणि विमानाने प्रवास सर्रास झाला, हंगामी मजुरी यंत्रांनी गिळली, आणि शहर-पुनर्रचनेच्या नावाखाली या वस्त्या पाडल्या गेल्या. वेस्ट मॅडिसनच्या जागी १९८०च्या दशकात प्रेसिडेन्शियल टॉवर्स हे उंच निवासी मनोरे उभे राहिले. उरलेल्या एकखोली हॉटेलांच्या रक्षणासाठी नगरपालिकेने नियम केला तो २०१४ मध्ये, बहुतेक हॉटेले गेल्यावर.

होस्टेलची कल्पना रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाला १९०९ साली सुचली आणि इसाबेल व मन्रो स्मिथ या दांपत्याने १९३४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थफील्ड येथे ती अमेरिकेत रुजवली. पण तिचे लक्ष्य सायकलीवरून खेड्यापाड्यांत हिंडणारे तरुण होते. मोठ्या शहरांच्या मध्यभागी ती उशिरा शिरली, आणि शिकागोत त्या वेळच्या काँग्रेस पार्कवेवरील जुन्या गोदामी धाटणीच्या इमारतीत तिच्या वारसदार संस्थेचे मोठे होस्टेल सुरू झाले ते २००० साली. एका खोलीत अनेक खाटा, सामाईक न्हाणीघर, खाटेगणिक भाडे ही मांडणी वेस्ट मॅडिसनला अपरिचित नव्हती. बदलले ते गिऱ्हाईक. अमेरिकेतील अनेक होस्टेले पारपत्र किंवा परगावचा पत्ता मागतात, स्थानिक रहिवाशाला खाट देत नाहीत आणि मुक्कामाचे दिवस मर्यादित ठेवतात, जेणेकरून शहरातला गरीब तेथे कायमचा राहू नये. ओहायो रस्त्यावरील १९२७ सालची, टोकियो हॉटेल या नावाने दीर्घकाळ अल्प भाड्यात खोल्या देणारी इमारत २०१५ मध्ये नवी सजावट आणि मद्यगृह यांसह फ्रीहँड या नावाने पुन्हा उघडली, तेव्हा तेथील काही खोल्यांत एकावर एक अशा खाटा घालून त्या प्रवाशांना एकेक करून भाड्याने देऊ लागले.