लेखणी आणि चरितार्थ

लेखणीवर चरितार्थ चालविण्याची हौस पुष्कळांस असते. तिची पूर्वतयारी फारच थोडे करतात. या बाबतींत विष्णुशास्त्री चिपळूणकरांचें उदाहरण विचार करण्याजोगें आहे. १८७९ सालीं त्यांनीं रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलांतील नोकरी सोडली. परंतु 'निबंधमाला' १८७४ पासूनच निघत होती. म्हणजे पगार सुटण्यापूर्वीं पांच वर्षें त्यांनीं वाचक जोडला होता. त्यापूर्वींच्या ग्रंथकारांस दक्षिणा प्राइझ कमिटीचें पारितोषिक हा मोठा आधार असे. पण तेथें ग्रंथाचें भवितव्य परीक्षकांच्या हातीं. शास्त्रीबोवांनीं दुसरी वाट धरली. पुण्यांत आर्यभूषण छापखाना, चित्रशाळा आणि किताबखाना हीं साधनें त्यांनीं सहकाऱ्यांच्या साहाय्यानें उभीं केलीं. केवळ लेखनावरही ते विसंबले नाहींत. १८८० मध्यें न्यू इंग्लिश स्कूल निघालें, १८८१ मध्यें 'केसरी'. हा संसार नुकता मांडला असतांच, १८८२ सालीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं ते वारले. त्यांचा राजीनामा सर्वांस ठाऊक आहे. नोकरी सोडूं पाहणाऱ्या लेखकानें त्यामागचीं पांच वर्षें अधिक ध्यानांत ठेवावीं.