जुन्या गेमचे तोतये

‘एज ऑफ एम्पायर्स टू’ १९९९ मध्ये बाजारात आला. तो दहा वर्षांनी विंडोज सेव्हनवर चालवणाऱ्यांच्या पडद्यावर गवत जांभळं उगवलं आणि पाणी लालसर वाहू लागलं. आवाज ठीक, सैन्य ठीक, फक्त रंगांना वेड लागलेलं. त्यावर जो उपाय तोंडोतोंडी पसरला तो ऐकून कुणालाही वाटावं की कुणीतरी थट्टा करतंय. टास्क मॅनेजर उघडायचा, ‘एक्सप्लोरर’ बंद करायचा, म्हणजे डेस्कटॉप, खालची पट्टी, सगळं गायब. मग त्याच टास्क मॅनेजरमधून गेम सुरू करायचा. दुसरा उपाय त्याहून विचित्र होता. स्क्रीन रिझोल्यूशनची खिडकी उघडी ठेवायची आणि तिला हात न लावता गेम चालू करायचा. दोन्ही उपायांनी गवत हिरवं होत असे.

यात जादू काही नव्हती. हा गेम २५६ रंगांच्या तक्त्यावर चाले. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी रंग साठवलेला नसे, फक्त तक्त्यातला क्रमांक साठवलेला असे. चाळीस नंबर म्हणजे कोणता हिरवा, हे तक्ता ठरवणार. गेम चालू असताना मागे बसलेल्या एक्सप्लोररने त्याच तक्त्यातली काही घरं आपल्या रंगांनी भरली, की चाळीस नंबरचा हिरवा जांभळा झालाच. एक्सप्लोरर बंद केला की तक्त्यात ढवळाढवळ करणारा कुणी उरत नसे.

पण या तक्त्याला दोष देण्यात अर्थ नाही. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/टू या संगणकांबरोबर व्हीजीए हे पडद्यावरच्या चित्राचं मानक आणलं. त्यातल्या ३२० बाय २०० च्या पद्धतीत एका ठिपक्याला एक बाइट, म्हणजे अख्खं चित्र ६४,००० बाइटांत. त्या वेळचा प्रोसेसर स्मृतीचा जो ६४ केबीचा तुकडा एका दमात हाताळू शके, त्यात ते बरोबर मावायचं. रंग २५६च, पण ते २,६२,१४४ छटांमधून निवडता येत. शिवाय तक्त्यातले रंग नुसते फिरवत ठेवले की चित्र पुन्हा न काढताही धबधबा वाहता दिसे, आग लवलवे. गेम लिहिणाऱ्यांच्या हातातलं ते हुकमी हत्यार होतं. पुढे रंगांची चणचण संपली, तक्ते अडगळीत गेले आणि तेच हत्यार उलटलं.

त्याही आधीच्या सीजीए या ग्राफिक्स कार्डाचा किस्सा याहून गमतीचा आहे. १९८१ च्या या कार्डावर ग्राफिक्ससाठी एका वेळी चारच रंग मिळत, आणि ६४० बाय २०० च्या पद्धतीत तर दोनच. पण तेच कार्ड साध्या टीव्हीसारख्या कंपोझिट पडद्याला जोडलं, की शेजारशेजारच्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे संकेत एकमेकांत मिसळत आणि भलतेच रंग उमटत. सिएराच्या ‘किंग्ज क्वेस्ट’ने १९८४ मध्ये या मिसळीतून सोळा रंग काढले. चांगल्या आरजीबी मॉनिटरवर मात्र अशा चित्रांच्या जागी उभ्या पट्ट्या दिसत. पडदा जितका चांगला तितकं चित्र वाईट! म्हणूनच जुने डॉस गेम आज चालवून दाखवणाऱ्या डॉसबॉक्स या प्रोग्रामला त्या जुन्या पडद्याचा दोषसुद्धा गणिताने उभा करावा लागतो.

‘डूम’मधले राक्षस आज बसके दिसतात त्याचं कारणही पडदाच. ३२० बाय २०० चं चित्र तेव्हा चारास तीन आकाराच्या मॉनिटरवर ताणून बसवलेलं असे, त्यामुळे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा वीस टक्के उंच. आजचे ठिपके चौरस आहेत. डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘अ‍ॅस्पेक्ट’च्या ओळीत ‘फॉल्स’च्या जागी ‘ट्रू’ लिहिलं की राक्षस पुन्हा मूळ उंचीचे होतात. इतका सोपा उपाय या सगळ्या इतिहासात दुसरा नसेल.

विंडोजच्या काळात गेम आणि यंत्र यांचं भांडण वेगळ्या टोकाला गेलं. १९९४ च्या नाताळात डिस्नेची ‘लायन किंग’ची सीडी अमेरिकेत घरोघरी गेली. ती मायक्रोसॉफ्टच्या ‘विन-जी’ या व्यवस्थेवर उभी होती, आणि तिचं कॉम्पॅकच्या प्रेसारिओ मशीनमधल्या व्हिडिओ ड्रायव्हरशी जमलं नाही. नाताळाच्या सकाळी मुलांना सिंहाऐवजी संगणक कोलमडलेला दिसला. त्या नाचक्कीनंतर मायक्रोसॉफ्टमधल्या अ‍ॅलेक्स सेंट जॉन, क्रेग आयस्लर आणि एरिक एंगस्ट्रॉम या तिघांच्या खटपटीला जोर आला, आणि सप्टेंबर १९९५ मध्ये डायरेक्टएक्स आलं. आता गेमने कार्डाशी थेट बोलायचं नाही, मधल्या दुभाष्याशी बोलायचं.

सगळ्यांनी हे लगेच ऐकलं असतं तर पुढची गंमत घडली नसती. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू कार्ड आलं. त्यावर चार एमबी स्मृती, निम्मी चित्रासाठी, निम्मी टेक्स्चरसाठी. साधं द्विमितीय चित्र त्याला काढताच येत नसे. जुन्या कार्डातून निघालेली केबल व्हूडूत आणि तिथून दुसरी मॉनिटरला, अशी जोडणी. पण त्रिमितीय गेम लागला की बाकीची कार्डं फिकी पडत. त्याची स्वतःची भाषा होती, ग्लाइड. महाराष्ट्रातल्या घरोघरच्या संगणकांवर जो ‘नीड फॉर स्पीड टू’ खेळला गेला, त्याच्या १९९७ च्या विशेष आवृत्तीत ग्लाइडसाठी वेगळं रूप होतं. व्हूडू नसलेल्यांनी तोच गेम प्रोसेसरच्या जोरावर, खडबडीत कडांसह पाहिला.

ग्लाइड फक्त व्हूडूवर चालणार, हा कंपनीचा हट्ट. काहींनी दुसऱ्या कार्डांना ग्लाइड कळावं म्हणून मधले थर लिहिले, तेव्हा १९९९ मध्ये कंपनीने कायदेशीर नोटिसा धाडल्या. त्याच वर्षी डिसेंबरात तिने ग्लाइडचा सोर्स कोड खुला केला. वर्षभराने, डिसेंबर २००० मध्ये, कंपनीचा मुख्य ऐवज एनव्हिडियाने विकत घ्यायचं ठरलं. कार्डं गेली, गेम राहिले.

ते गेम आज चालतात ते तोतयांमुळे. गेम सुरू होताना ‘ग्लाइड टू एक्स’ नावाची डीएलएल फाइल शोधतो. एनग्लाइड किंवा डीजीव्हूडू नेमकी त्याच नावाची फाइल पुढे करतात. गेम व्हूडूला हुकूम सोडतो, तोतया तो ऐकतो आणि आजच्या कार्डाला समजेल अशा भाषेत पुढे सरकवतो. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने पेशवाईला वर्षानुवर्षं डोकेदुखी दिली. इथे मात्र तोतयाचं स्वागत होतं, कारण मूळ मालक परत येण्याची सुतराम शक्यता नाही.

आपल्याकडे तोतयेगिरीची गरज वेगळ्या कारणाने पडली. २००२-०३ च्या सुमारास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेल्या संगणकात वेगळं ग्राफिक्स कार्ड ही चैन होती. इंटेलच्या ८४५जी किंवा ८६५जी चिपसेटमधल्या ग्राफिक्सवर काम भागवायचं. नवे गेम सुरू होतानाच विचारत, ‘हार्डवेअर टी अँड एल आहे का?’ म्हणजे त्रिमितीय आकृत्यांचा आणि उजेडाचा हिशेब कार्ड स्वतः करतं का? उत्तर नाही असं आलं की दार बंद. ‘थ्रीडी-अ‍ॅनालाइझ’ नावाचा छोटा प्रोग्राम मध्ये बसून ‘आहे’ म्हणून ठोकून देई. गेम चालायचा, कधी रखडत, कधी सावल्यांशिवाय.

काही वेळा तर नव्या कार्डाला मुद्दाम म्हातारं व्हावं लागतं. ‘क्वेक’च्या पिढीतले काही गेम सुरुवातीला ड्रायव्हरला विचारतात की तुला काय काय येतं. ड्रायव्हर सगळ्या सोयींची नावं एका लांबलचक ओळीत देतो. नव्वदच्या दशकात ही नावं मोजकी होती, म्हणून गेमने ती उतरवून घ्यायला ठरावीक जागा राखलेली. आज नावं शेकड्यांनी आहेत. जागा ओसंडते आणि पहिलं चित्र दिसण्याआधीच गेम कोसळतो. लिनक्सवरच्या मेसा ड्रायव्हरमध्ये यासाठी खास सोय आहे: एक वर्ष सांगायचं, त्यानंतरची नावं ड्रायव्हर लपवून ठेवतो.

ही सगळी वर्षं असे थर बहुतेक हौशी लोकांनी लिहिले. आता उत्पादकच त्या वाटेला लागले आहेत. इंटेलने २०२२ मध्ये आर्क कार्डं आणली तेव्हा डायरेक्टएक्स नाइनसाठी स्वतःचा ड्रायव्हर दिलाच नाही. जुन्या गेमच्या आज्ञा मायक्रोसॉफ्टच्या थरातून डायरेक्टएक्स ट्वेल्व्हमध्ये उतरवल्या. लिनक्ससाठी लिहिलेला डीएक्सव्हीके हा असाच थर विंडोजवर ‘जीटीए फोर’ खेळणारेही वापरतात. त्याची ‘डी३डी९’ ही डीएलएल गेमच्या एक्झी फाइलशेजारी ठेवायची, चित्र सुधारलं तर ठीक. नाही सुधारलं तर ती फाइल काढून टाकायची; मूळ गेमला धक्का लागत नाही.