कॅच अ फायर : एक अल्बम, दोन शहरं

बॉब मार्ली म्हटलं की आपल्याला गोव्याच्या शॅकवरचा टी-शर्ट आठवतो आणि गाडी तिथेच थांबते. तर मंडळी, आज त्या टी-शर्टवर ज्यांचे चेहरे नाहीत त्यांच्याबद्दल.

अल्बम १९७३ चा, 'कॅच अ फायर'. बँडचं नाव नुसतं 'द वेलर्स'. मार्ली, पीटर टॉश आणि बनी लिव्हिंगस्टन हे तिघे गायक. ड्रम्सवर कार्लटन बॅरेट, बेसवर त्याचा थोरला भाऊ अ‍ॅस्टन, टोपणनाव 'फॅमिली मॅन'. हे भाऊ आधी ली पेरीच्या 'अपसेटर्स'मध्ये वाजवायचे. अ‍ॅस्टन तर वेल्डिंगचं काम करायचा, आणि पहिला बेस त्याने स्वतःच बनवला होता.

झालं असं, की १९७२ मध्ये ही मंडळी लंडनमध्ये अडकली. खिशात पैसे नाहीत. आयलंड रेकॉर्ड्सच्या क्रिस ब्लॅकवेलने त्यांना अल्बमसाठी ४००० पौंड दिले. लोक म्हणाले, गेले पैसे! पण पुढे ब्लॅकवेल किंग्स्टनला गेला, तेव्हा टेप्स तयार होत्या.

आता जरा तांत्रिक. रॉकमध्ये ड्रमरचा पाय साधारणपणे पहिल्या मात्रेवर पडतो. कार्लटनच्या 'वन ड्रॉप'मध्ये पहिली मात्रा रिकामी, आणि दणका थेट तिसरीवर. मधल्या मोकळ्या जागेत बेस गाण्याची चाल धरून ठेवतो. म्हणजे जे वाद्य इतर बँडमध्ये मागे उभं असतं, तेच इथे पुढे.

ब्लॅकवेलला हे रॉक ऐकणाऱ्या गोऱ्या पोरांना विकायचं होतं. त्याने टेप्स लंडनला आणून वरून नवीन वाद्यं चढवली. गिटारवर अलाबामाचा वेन पर्किन्स, कीबोर्डवर टेक्ससचा 'रॅबिट' बंड्रिक. पर्किन्सला रेगे म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, गाण्यातली 'सम' सापडेना! तरी 'काँक्रीट जंगल'मधला त्याचा सोलो जबरदस्त आहे, त्यात वाद नाही. गंमत म्हणजे त्याचं किंवा बंड्रिकचं नाव मूळ कव्हरवर नव्हतंच. (आयटीवाल्यांनो, ओळखीचं वाटतंय का?)

किंग्स्टनचं मूळ मिक्स २००१ मध्ये डीलक्स आवृत्तीत बाहेर आलं. लंडनला गाळलेली दोन गाणीही त्यात आहेत. मला विचाराल तर तेच सरस. खरखरीत आहे, पण बेस आणि ड्रम्सना श्वास घ्यायला जागा आहे. अर्थात लंडनचा मुलामा नसता तर हा अल्बम आपल्यापर्यंत पोचला असता का, हा प्रश्न उरतोच.

कव्हरची पण एक गोष्ट आहे. पहिल्या २०,००० प्रतींचं कव्हर झिपो लायटरसारखं उघडायचं. महागडं प्रकरण, म्हणून बदललं. नव्या कव्हरवर आला चिलीम-छाप धूर काढणारा मार्लीचा फोटो, आणि नाव झालं 'बॉब मार्ली अँड द वेलर्स'. टॉश आणि बनी तोवर बाहेर पडले होते.

बॅरेट बंधू मात्र १९८१ मध्ये मार्ली जाईपर्यंत सोबत राहिले. १९८७ मध्ये कार्लटनचा किंग्स्टनमध्ये खून झाला. त्याच वर्षी टॉशचाही. २००६ मध्ये अ‍ॅस्टन थकलेल्या रॉयल्टीसाठी लंडनच्या कोर्टात गेला. दावा सुमारे ६ कोटी पौंडांचा. हरला. १९९४ च्या एका समझोत्यात त्याने आपले हक्क आधीच सोडलेत, असं न्यायाधीश म्हणाले. कायद्याने बरोबर असेलही, पण मला ते आजही पटत नाही. अ‍ॅस्टन फेब्रुवारी २०२४ मध्ये गेला.

आणि हो, 'काँक्रीट जंगल'वरचा बेस त्याचा नाही बरं का. तो त्याचा शिष्य रॉबी शेक्सपिअरचा. अ‍ॅस्टन ऐकायचा तर 'स्टर इट अप' लावा. फक्त लॅपटॉपच्या स्पीकरवर नको, त्यात बेस ऐकूच येत नाही.