सांगलीचे डेप्युटी कलेक्टर, साताऱ्याची सोसायटी आणि माझा चुकलेला गंधार

बास गिटार वाजवणाऱ्या माणसाला कार्यक्रम संपल्यावर कोणी भेटायला येत नाही. गायकाला येतात, लीड गिटारवाल्याला येतात, ड्रमरच्या काठ्या हातात घेऊन लोक फोटो काढतात. आमच्याकडे फार तर एखादे काका येतात आणि विचारतात, "याला चारच तारा का हो? बाकीच्या दोन तुटल्या का?" सहा वर्षांत या प्रश्नाचं हसून उत्तर द्यायची सवय झालीय :-)

पण मागच्या हिवाळ्यात सांगलीच्या कार्यक्रमानंतर मला एक जण भेटायला आला, आणि तो आमचाच गायक होता. शाळेपासूनचा मित्र, रीतसर शास्त्रीय शिकलेला. बाजूला घेऊन म्हणाला, "राग मानू नकोस, पण मी गंधारावर थांबतो ना, तेव्हा तू गंधार वाजवू नकोस. तुझा बेसूर लागतो."

बेसूर? माझा? अहो, स्टेजवर चढायच्या आधी चारही तारा ट्यूनरवर लावल्या होत्या. काटा बरोब्बर मध्यावर. पडदे कंपनीने बसवलेले. माझा स्वर चुकायला जागाच नाही! मी त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ते मला माहीत नाही. तानपुऱ्यात गंधार ऐकू येतो, तुझा त्याच्याशी भांडतो." आणि भडंग खायला निघून गेला.

त्या रात्री घरी बास कपाटावर टाकला. आधीच बँडचं काही खरं नव्हतं. ड्रमर ऑनसाइट जायच्या मार्गावर, गिटारवाल्याला नुकतं बाळ झालेलं, माझं रिलीज दर महिन्याला. वीकेंडला पुण्यात तीन तास प्रॅक्टिस जमवायची म्हणजे चार कॅलेंडरं जुळवायची. त्यात आता बेसूर पण. सरळ ठरवलं, विकून टाकू. एका ओळखीच्याने किंमतही सांगितली होती.

सकाळी चहाला बाबांना हे सांगितलं. बाबांना बास आणि गिटार यातला फरक अजून कळलेला नाही, पण सांगलीचा इतिहास पाठ आहे. ते म्हणाले, "विकायचं तर विक. पण तुझं हे भांडण जुनं आहे. आपल्या देवलांनी याच्यावर अख्खं आयुष्य घातलं. नाटकवाले देवल नव्हेत, डेप्युटी कलेक्टर देवल."

मी इथेच वाढलो आणि मला हे नाव माहीत नव्हतं. मग चार-पाच शनिवार-रविवार त्यातच गेले.

कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले डेप्युटी कलेक्टर. पेशाने गवई नव्हेत. १९१० साली त्यांनी इंग्रजीत एक छोटं पुस्तक काढलं, हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती या विषयावर. जुन्या ग्रंथांत एका सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत, पण त्या नेमक्या कुठे, यावर सगळ्यांचे अंदाज. देवलांचं म्हणणं असं, की अंदाज कशाला, मोजूया. तारेची लांबी मोजता येते, लांबीवरून कंपनांचं प्रमाण काढता येतं. मग गाणारा हवा, ज्याच्या गळ्यावर विश्वास ठेवता येईल. तो त्यांना मिळाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रूपाने.

खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैराना गावचे, जन्म १८७२ चा. पुढे मिरज हेच त्यांचं गाव झालं, आणि १९३७ साली दक्षिणेत प्रवासात वारले तरी त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यातच आहे. किराणा घराणं स्वराच्या लगावासाठी ओळखलं जातं ते त्यांच्यामुळे. तर हे खाँसाहेब स्वर लावत आणि निवृत्त डेप्युटी कलेक्टर तार सरकवून तो मोजत. हे चित्र मला जाम आवडलं. आपल्या भाषेत सांगायचं तर एक जण सिग्नल, दुसरा टेस्टर.

तिसरा माणूस साहेब होता. अर्नेस्ट क्लेमेंट्स, आयसीएस, न्यायखात्यातला. दिवसा खटले आणि उरलेल्या वेळात श्रुती. १९११ साली साताऱ्यात या मंडळींनी 'फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' काढली. नाव वाचून डोळ्यासमोर लंडनचा मोठा हॉल येतो ना? प्रत्यक्षात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं तेव्हाचं लहानसं गाव. पुणे-सांगली एसटी साताऱ्याला थांबते तेव्हा मी शेकडो वेळा उतरून कंदी पेढे घेतलेत. या गावात कोणी गंधाराची कंपनं मोजत होतं हे कधी डोक्यात आलं नाही. १९१३ मध्ये क्लेमेंट्सने भारतीय संगीताच्या अभ्यासावर स्वतंत्र पुस्तकही लिहिलं.

आता माझ्या भांडणाकडे येतो. थोडं गणित आहे, पण तुमच्यापैकी निम्मे इंजिनियरच असाल, चालवून घ्या.

आमच्या गायकाचा सा काळी एक. म्हणजे तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९.३ हर्ट्झवर. माझ्या बासच्या चार तारा ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्झच्या. म्हणजे तानपुऱ्याचा खर्ज माझ्याच वस्तीतला, ५५ वाल्या तारेच्या चौथ्या पडद्यावर. कोणतीही तार छेडली की ती एकच स्वर देत नाही. तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे स्वरही बारीक वाजत असतात. यातला पाचपटीचा स्वर म्हणजे गंधार. कोणीही न वाजवता खर्जातून आपोआप निघतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. ६९.३ गुणिले ५, म्हणजे ३४६.५.

माझा गंधार कुठून येतो? पडद्यावरून. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात. पेटीचंही तसंच. हे केल्याने कुठल्याही पट्टीत वाजवता येतं, पण त्याची किंमत म्हणून सा सोडून प्रत्येक स्वर थोडाथोडा हलवलेला असतो. पंचम जेमतेम हलतो, तो कानाला कळतही नाही. गंधार मात्र चांगला १४ सेंट वर चढतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याइतका. माझा गंधार ८७.३ हर्ट्झ, त्याच्या चौपटीचा स्वर ३४९.२. तिकडे तानपुरा म्हणतोय ३४६.५. फरक २.७, म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे. गायक गंधारावर डोळे मिटून थांबलाय आणि त्याच्या पायाखाली जमीन सेकंदाला तीनदा हलतेय!

थोडक्यात काय, ट्यूनरचा काटा बरोबर होता आणि मित्रही बरोबर होता. मी भलतं स्पेसिफिकेशन पाळत होतो.

गंमत म्हणजे हे पडदे बासला अभिमानाने बसवले गेले. त्याआधी बँडमध्ये माणसाएवढा उभा डबल बास असायचा, त्याला पडदे नाहीत, स्वर सगळा बोटाच्या अंदाजावर. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडरने पडदेवाला इलेक्ट्रिक बास बाजारात आणला आणि नाव ठेवलं 'प्रिसिजन'. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो, म्हणून. पुढे सत्तरच्या दशकात जॅको पास्टोरियस बिनपडद्याच्या बासवर असं काही वाजवून गेला की जगभरच्या बासवाल्यांनी पक्कड हातात घेतली.

देवल-क्लेमेंट्स मंडळींनी उलटा रस्ता धरला. पडदे कमी करण्याऐवजी वाढवले. बारा पट्ट्यांच्या पेटीत श्रुती बसत नाहीत ना, मग श्रुतींची पेटी करू. आणि खरंच लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून अशी 'श्रुती हार्मोनियम' बनवून घेतली.

१९१६ साली बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे या पेटीवर चर्चा झाली. समोर कोण, तर विष्णू नारायण भातखंडे. तेही मूळचे वकील, म्हणजे हाही दुसऱ्या खात्यातूनच आलेला माणूस! भातखंड्यांचं म्हणणं, आजचं गाणं बारा स्वरांनी मांडता येतं, प्रत्येक श्रुतीला पक्का आकडा चिकटवण्यात अर्थ नाही. पेटी परिषदेला पटली नाही. पुढे बाजारातही चालली नाही. आजही प्रत्येक गवयाच्या शेजारी बारा स्वरांचीच पेटी असते. मधे १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली होती, सत्तरच्या दशकात ती ढिली झाली. पण पेटी टिकली, श्रुती हार्मोनियम नाही.

आणि सायन्सनेही देवलांना पूर्ण साथ दिली नाही. १९६३ मध्ये नझीर जैरझभॉय आणि स्टोन यांनी कलाकारांच्या ध्वनिमुद्रणांवरून स्वर मोजले. निघालं असं, की एकाचा गंधार दुसऱ्याच्या गंधाराशी जुळेलच असं नाही. गाताना स्वर हलतो, बाजूच्या स्वरांकडे झुकतो. बावीस ठरलेल्या खुर्च्या आणि त्यात बसलेले स्वर, असं काही सापडलं नाही.

हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. एका माणसाने निवृत्तीनंतरची वर्षं घातली, पदरमोड केली, साहेबाला सोबत घेतलं, विलायतेहून पेटी आणवली, आणि उत्तर चुकलं? मग शनिवार-रविवारची आमची लुटुपुटूची प्रॅक्टिस तरी कशाला? कोणाला ऐकूही न येणारी चार तारांची वस्तू घेऊन?

याच मनःस्थितीत एका रविवारी मिरजेला गेलो. सांगलीहून वीस मिनिटं. सतारमेकर गल्लीत पूर्वी आईबरोबर भाजीला जाताना डोकावलो होतो तेवढंच. ही मूळची शिकलगार मंडळी, हत्यारांना धार लावणारी. इंग्रजी अमलात हत्यारांचं काम संपलं, तेव्हा सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी फरीदसाहेबांपासून ते वाद्यांकडे वळले. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं.

दुकानात एक वयस्कर चाचा तानपुऱ्याची जवारी काढत होते. जवारी म्हणजे घोडीचा वरचा पृष्ठभाग असा घासायचा की तार तिला हलकेच चाटून वाजली पाहिजे. एक कानस, मग तार छेडून ऐकणं, परत कानस. मी विचारलं, किती घासायचं हे कसं कळतं? ते म्हणाले, "बोलायला लागलं की थांबायचं." मग तारेखाली सुताचा दोरा सरकवला आणि खर्जाची तार छेडून मला कान जवळ आणायला सांगितलं. "गंधार ऐकू येतोय का बेटा?"

आधी नाही आला. चौथ्या-पाचव्या वेळी आला. आणि एकदा आल्यावर जाईना. माझ्या वस्तीतल्या तारेतून, मी सहा वर्षं ज्या उंचीवर वाजवतोय तिथून, हा स्वर निघत होता आणि मी तो कधी ऐकलाच नव्हता. मी ट्यूनर बघत होतो.

तेव्हा देवलांबद्दल माझं मत बदललं. त्यांची बावीस आकड्यांची यादी टिकली नसेल, पण आपल्या गावातल्या गवयाचा स्वर मोजण्याइतका महत्त्वाचा आहे, हे त्यांनी धरलं. पोथीत काय लिहिलंय एवढ्यावर न थांबता समोरच्या माणसाच्या गळ्याकडे कान लावला. पुढे १९६३ वाल्यांनीही तेच केलं, फक्त त्यांची यंत्रं चांगली होती. आणि हे करणारा माणूस नोकरी करून निवृत्त झालेला हौशी होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

बास विकला नाही. पडदेही काढले नाहीत, पक्कड हातात घेऊन परत ठेवली. एक साधी गोष्ट केली. पुढच्या प्रॅक्टिसला तानपुरा माझ्या अँपच्या शेजारी ठेवला. गायक गंधारावर थांबला की मी फक्त सा धरतो, नाहीतर पंचम. गंधार माझ्या तारेतूनही येतोच, पाचपटीने, पडद्याचा न होता. तो वाजवायची गरजच नव्हती.

पहिल्यांदा असं केलं तेव्हा गायकाने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, आणि परत मिटले. नंतर काही बोलला नाही. चहा मात्र त्याने पाजला.

ड्रमर पुढच्या महिन्यात जातोय. त्याच्या आधी साताऱ्यात एक कार्यक्रम ठरतोय, लहानसाच, पन्नास-साठ माणसं येतील. बाबा म्हणालेत की ते येणार. त्यांना बास ऐकू येईल की नाही माहीत नाही, पण खर्ज कुठे ऐकायचा ते मी आधी सांगून ठेवणार आहे.