कपबशीची पुष्पिका

हस्तलिखितांचे अभ्यासक नवी पोथी हाती आली की आधी तिचे शेवटचे पान उलटतात. लेखनिकाचे नाव, शक, गाव यांपैकी जे काही पुष्पिकेत मिळेल ते टिपून घेतात आणि मगच मजकुराकडे वळतात. जुन्या चिनी मातीच्या भांड्यांचे जाणकार नेमके हेच करतात. कप हातात आला की ते तो उपडा करतात. चित्र, सोनेरी कड, कानाचा बाक हे सारे नंतर पाहायचे. आधी बुडाशी काय लिहिले आहे ते वाचायचे. हे साम्य वरवरचे नाही, असे आम्हांला वाटते. ज्यांना जुन्या बाजारातून चहा-कॉफीची भांडी काचेच्या कपाटासाठी नव्हे, तर रोजच्या मेजासाठी निवडायची आहेत, त्यांना पाठचिकित्सेची शिस्त चांगली उपयोगी पडते.

बुडाच्या मजकुराचे काही नियम ठरलेले आहेत. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्यामुळे १८९१ पासून तेथे जाणाऱ्या मालावर उत्पादक देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले. तेव्हा नुसते ‘इंग्लंड’ लिहिलेली बशी साधारणतः त्यानंतरची, आणि ‘मेड इन इंग्लंड’ असे पूर्ण लिहिलेली बहुधा विसाव्या शतकातली. ‘निप्पॉन’ हा शिक्का १८९१ ते १९२१ या काळातला. पुढे त्याच्या जागी ‘जपान’ आले. आणि ‘ऑक्युपाइड जपान’ असे लिहिलेला कप महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या परकीय ताब्याच्या काळातला. एका पराभूत राष्ट्राची स्थिती कपाच्या तळाशी इतक्या कोरडेपणाने नोंदलेली पाहून आम्ही थबकलो होतो. इंग्लंडमध्ये नोंदणी केलेल्या नक्षीवर १८४२ ते १८८३ या काळात चौकटीच्या आकाराची खूण असे. १८८४ पासून तिच्या जागी नोंदणीचा क्रमांक आला. दुकानदार कोणत्याही भांड्याला बिनदिक्कत ‘दीडशे वर्षांपूर्वीचे’ म्हणतो, तेव्हा एवढी माहिती पुरेशी होते.

पण पुष्पिका खोटीही असते. जर्मनीतील माइसेनच्या कारखान्याची एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारींची खूण एवढ्या जणांनी उचलली, की तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पॅरिसमध्ये १८४५ साली सुरू झालेल्या सॅम्सन यांच्या कारखान्याने जुन्या भांड्यांच्या नकला करण्यातच नाव कमावले. आता त्या नकलांचेही संग्राहक आहेत. चीनमधली गोष्ट याहून वेगळी आणि अधिक सुंदर आहे. कांग्शी बादशहाच्या काळातले (१६६२–१७२२) कुंभार आपल्या भांड्यांवर दोनशे वर्षांपूर्वीच्या मिंग राजवटीची मुद्रा घालीत. त्यात फसवणूक असेच असे नाही. बहुतेकदा तो पूर्वसूरींविषयीचा आदर असे. नामदेवांच्या नाममुद्रेखाली उत्तरकालीन कवींच्या रचना मिसळल्या, त्यांचा निवाडा करताना मराठी अभ्यासकांची जी अडचण होते, तीच येथे वेगळ्या रूपात समोर येते. अशा वेळी उरतो तो अंतर्गत पुरावा.

आणि अंतर्गत पुराव्यात पहिला साक्षीदार म्हणजे कपाचा कान. चीनमधून सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपात गेलेला चहाचा पेला बिनकानाचा, लहानशा वाटीसारखा होता. इंग्लंडात तो तसाच, अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आणि काही घरांत त्यानंतरही, वापरात राहिला. कॉफीच्या उंच, अरुंद पेल्याला मात्र कान लवकर आला. त्या काळातल्या संचांत अनेकदा एक चहाचा पेला, एक कॉफीचा पेला आणि दोघांत मिळून एकच बशी असे. चहा आणि कॉफी एकाच वेळी कोण पिणार, हा त्यामागचा साधा, काटकसरी विचार! आज असे त्रिकूट बाजारात आले की विक्रेता ‘एक बशी हरवली’ म्हणून हळहळतो आणि किंमत कमी करतो. त्याला दुरुस्त करण्याची घाई गिऱ्हाइकाने करू नये.

बशीचेही तसेच. जुनी बशी खोल असते, आणि तिच्या मध्यभागी कप बसण्यासाठी खळगा नसतो. कारण ती चहा ओतून पिण्याचे भांडे होती. बशीतून फुरका मारणे हा केवळ आपल्याकडच्या आजोबांचा गावंढळपणा आहे, असे समजणाऱ्या सुशिक्षितांनी एवढे लक्षात घ्यावे, की एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत बशीतून चहा पिताना रिकामा कप टेकवायला काचेच्या छोट्या तबकड्या मुद्दाम घडवल्या जात. शिष्टाचार बदलला तेव्हा त्या तबकड्या निरुपयोगी झाल्या.

चहादाणी आणि कॉफीची सुरई यांतला भेदही डोळ्यांनी ओळखता येतो. चहाची पाने फुगून वर येतात, म्हणून चहादाणी बुटकी, पोटाळ आणि तोटीच्या मुळाशी आतून गाळणीसारखी छिद्रे असलेली. कॉफीचा गाळ तळाशी बसतो, म्हणून सुरई उंच आणि बहुधा छिद्रांविना. झाकण मात्र नीट तपासावे. जुन्या संचांत सर्वांत आधी फुटते ते झाकण, आणि दुसऱ्याच भांड्याचे झाकण बसवून संच ‘पूर्ण’ केलेला असतो. पोथीतला प्रक्षेप जसा भाषेवरून कळतो, तसा हा प्रक्षेप झिलईच्या रंगछटेवरून कळतो.

ही माती युरोपाने कशी मिळवली, हा मोठा इतिहास आहे. सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याला चिनी भांड्यांचे एवढे वेड होते, की १७१७ मध्ये त्याने १५१ भांड्यांच्या बदल्यात आपले ६०० घोडदळी सैनिक प्रशियाच्या राजाला देऊन टाकले. त्याआधीच, किमया करून सोने बनवील म्हणून कैदेत ठेवलेल्या ब्योटगरकडून त्याच्या पदरी कठीण पोर्सेलिन तयार झाले होते आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना निघाला होता. इंग्रजांची वाट निराळी. तेथे मातीत जनावरांच्या हाडांची राख मिसळण्याचे प्रयोग अठराव्या शतकाच्या मध्यापासून चालू होते, आणि शतकाच्या अखेरीस स्पोड यांच्या कारखान्यात त्या मिश्रणाला स्थिर रूप आले. ‘बोन चायना’ हे नाव शब्दशः खरे आहे. त्यात जवळजवळ निम्मी हाडांची राख असते. प्रकाशासमोर धरला की पलीकडच्या बोटांची सावली दिसणारा तो दुधी पातळ कप या राखेमुळेच तसा होतो. शाकाहाराबद्दल दक्ष असणाऱ्या अनेक घरांतल्या पाहुण्यांच्या कपाटात तो वर्षानुवर्षे मानाने बसलेला आहे.

१७८४ मध्ये इंग्लंडने चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आणला आणि चहा सामान्य घरांत शिरला. त्याच्यासोबत साखर शिरली, आणि साखरेसोबत कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांचे श्रम. १७९१ नंतर तेथील अनेक कुटुंबांनी ती साखर वर्ज्य केली. पुढे १८२० च्या दशकात आपल्या भांड्यातली साखर पूर्वेकडची आहे, गुलामांनी पिकवलेली नाही, असे ठळक अक्षरांत लिहिलेली साखरेची भांडी निघाली. मेजावर ठेवलेले एवढे स्पष्ट राजकीय विधान आम्हांला दुसरे माहीत नाही. निळ्या ‘विलो’ नक्षीची बशी याच्या अगदी उलट. पूल, वेताची झाडे, दोन पक्षी आणि त्यांच्यामागची प्रेमकथा, हे सारे चिनी वाटते. नक्षी इंग्लंडातच १७९० च्या सुमारास जुळवलेली, आणि कथा तर त्याहूनही नंतर, एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनीच रचलेली. आधी चित्र आणि मग त्याला शोभेल असे ‘प्राचीन’ आख्यान: साहित्याच्या विद्यार्थ्याला हा व्यवहार ओळखीचा वाटेल.

महाराष्ट्रात कप आला तो मात्र शुद्धाशुद्धतेच्या प्रश्नासह. धर्मशास्त्रांप्रमाणे धातूचे भांडे राखेने, आंबटाने घासून शुद्ध होते. मातीचे विटाळले तर पुन्हा भाजावे किंवा टाकून द्यावे. मग चिनी माती ही माती की आणखी काही? ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, टिळक आणि इतर प्रतिष्ठितांसमोर चहा-बिस्किटे ठेवली गेली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मधून जाहीर केली, आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांनी अखेर १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. त्या निर्णयाने घरात किती घालमेल झाली, हे रमाबाईंच्या आठवणींत वाचायला मिळते. वादाचा भर चहा कोठे आणि कोणाच्या हातचा घेतला यावर होता. पुढे चहा घरोघर आणि हॉटेलांत रुळला, तरी भेद गेला नाही. तो भांड्यात उतरला. एक कपबशी निराळी ठेवायची, ज्याने प्यायची त्यानेच ती धुवायची: दलित आत्मकथनांतून ही कपबशी पुनःपुन्हा भेटते. बुडाशी कसलीही खूण नसलेली, बहुधा कान तुटलेली ती कपबशी कोणत्याही संग्रहालयाच्या फडताळात आम्ही पाहिलेली नाही, आणि गेल्या शतकाच्या मराठी समाजाविषयी तिच्याएवढे सांगणारे भांडे दुसरे नाही, या मतावर आम्ही ठाम आहोत.

राहिला प्रश्न प्रत्यक्ष वापराचा. जुन्या झिलईत आणि वरून रंगवलेल्या नक्षीत शिसे असण्याचा संभव असतो. स्टॅफर्डशायरच्या कामगारांनी त्याची जबर किंमत मोजली. म्हणून झिलईवर बारीक जाळी पडलेल्या किंवा आतून रंगवलेल्या पेल्यात लिंबाचा चहा घेऊ नये, आणि चहादाणीत चहा तासन्‌तास ठेवू नये; शंका असेल तर भांडे नुसते मांडावे. सोनेरी कडेचे भांडे मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. कप तळहातावर ठेवून नखाने टिचकी मारावी. अखंड पोर्सेलिन खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. संच जुळलाच पाहिजे हा हट्ट सोडला, तर सहा जणांना सहा निरनिराळ्या काळांतले पेले थोड्या पैशांत मिळतात. आणि एखाद्या बशीच्या पाठीवर धातूचे बारीक टाके दिसले, तर ती बाजूला सारू नये. चिकटद्रव्यांचा सुकाळ होण्याआधी फुटलेली चिनी भांडी छिद्रे पाडून, तारेचे टाके घालून सांधली जात. संग्राहक अशा बशीला सदोष म्हणतात, म्हणून ती स्वस्त मिळते. बिस्किटे ठेवायला ती उत्तम.